कोमट पाणी

शुक्रवार, २७ मार्च १९५९
"गर्दी बघताना डोकी मोजू नयेत, ओळखीचा माणूस शोधावा." बाबा म्हणायचे. होळकरांच्या पलटणीत होते. मिरवणुकांच्या बंदोबस्तात जन्म गेला. पुढच्या शनिवारी वाचनालयात माझं व्याख्यान, विषय 'जमावाचं मन'. या वाक्यानं सुरुवात करावी का? पुस्तकातले फ्रेंच पंडित नेमकं उलट सांगतात. जमावात ओळखीचा माणूस उरतच नाही. सगळ्यांचं मिळून एक मन होतं, एकट्यादुकट्याहून अडाणी. एकाच्या मनात आलेलं चित्र साथीसारखं सगळ्यांना दिसू लागतं.
वाचताना बरं वाटतं. का, ते कळत नाही.

रविवार, २९. रंगपंचमी
लिहून ठेवते.
दुपारी गेर, रंगपंचमीची मिरवणूक, आमच्या गल्लीत शिरली. खाली सगळे चेहरे रंगानं सारखे, दात तेवढे पांढरे. समोरच्या माडीवर सुशीलाबाई. गाणं शिकवतात, एकट्या राहतात. दरवर्षी टेसूची, म्हणजे पळसाची, फुलं उकळून ते पिवळं पाणी गेरीवर ओततात. यंदा निवायला वेळ मिळाला नाही, कोमटच ओतलं. खालून एक आवाज आला, "तेजाब! जला दिया!"
गाणी थांबली. ढोल जरा वेळ एकटाच वाजत होता. माणसं जिना चढली, आरडाओरडा न करता. आधी पेटी खाली रस्त्यावर आदळली, मग तंबोरा. मग गेर पुढे सरकली आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू.
भाजलं कुणालाच नाही.
तो पहिला आवाज मी ओळखला. नाव आज लिहवत नाही.

सोमवार, ३०
दूधवाला म्हणाला, "बू तो आई थी, बाईजी." तेजाबाचा, अ‍ॅसिडचा वास आला होता म्हणे. किराणावाल्यानं तेच सांगितलं, भाजीवालीनंही. शब्द तेच, मान हलवणंही तेच. धोबी काल दिवसभर राऊ गावी बहिणीकडे होता. त्यालाही बू आली होती.
संध्याकाळी सुशीलाबाईंकडे गेले. पातेल्याच्या तळाशी फुलं तशीच. वाकून वास घेतला. मातकट, गोडसर. आणि मग, क्षणभरच, नाकाला काहीतरी झोंबलं.
मलाही.
त्यांना सांगितलं नाही.

बुधवार, १ एप्रिल
घरमालकांनी सुशीलाबाईंना खोली सोडायला सांगितली. परवा गल्लीची बैठक, तिथं पक्कं होणार. मी जाऊन सांगितलं की पाणी टेसूचं होतं, मी पाहिलंय. ते नम्रपणे हसले. "ताई, आप तो ऊपर थीं. ज्यांच्या अंगावर पडलं त्यातल्या एकानं म्हणू द्या, मी शब्द मागे घेतो."
तेच तर दोन दिवस विचारत फिरतेय. अंगावर पडलं असा कुणी नाही. बू मात्र सगळ्यांना आली.

गुरुवार, २
ते नाव लिहितेच. वसंता. माझा धाकटा भाऊ. परदेशीपुऱ्यात राहतो, मिलच्या हजेरी ऑफिसात आहे.
आज गेले. कानामागे पिवळा रंग अजून तसाच. आधी म्हणाला, राजवाड्यापाशीच होतो. चहा झाल्यावर म्हणाला, "होतो गल्लीत. पण तो मी नव्हतो, ताई. तूच सांगितलंस ना दिवाळीत, गर्दीत माणूस उरत नाही म्हणून?"
सांगितलं होतं, मोठ्या हौसेनं. वाचताना बरं का वाटायचं ते आत्ता कळलं. 'तो मी नव्हतो' म्हणत प्रत्येकाला घरी निसटायला वाट ठेवलीय त्यात. पण उद्या बैठकीत पंच म्हणून गेरीतले हेच लोक बसणार. मतं हेच देतात, नवं राज्य चालवायचं तेही यांनीच. त्यांना वेगळी माणसं कुठून आणायची?
विचारलं, पाणी कसं होतं रे? कानामागचा रंग चोळत म्हणाला, "कोमट."
"आणि वास?"
"बू तो आई थी."
आम्ही भावंडं आपसात कधी हिंदी बोललो नाही. डोळे माझ्याकडेच होते. आवाज त्याचा नव्हता.

शुक्रवार, ३
सुशीलाबाईंनी ट्रंक भरली. उज्जैनला मावसबहीण आहे म्हणतात. पेटीच्या सुट्या पट्ट्या रुमालात बांधल्यात.
बैठक संध्याकाळी. त्याआधी मिलच्या फाटकाशी उभी राहीन. पाळी सुटते तेव्हा लोंढाच येतो, सगळे कापसाच्या रुईनं पांढुरके, सगळे सारखे. त्यात वसंताला शोधीन. तो नाही म्हणेल, ठाऊक आहे. कदाचित ओळखही देणार नाही. तरी विचारीन: कोण ओरडलं ते सांगू नकोस, वसंता. फक्त बैठकीला चल, उभा राहा, आणि पाणी कोमट होतं एवढं तुझ्या आवाजात म्हण.