जमनाच्या अळ्या

६ जानेवारी २०२५, सोमवार
सालवडला आले. खोली छोटी, पण हवेशीर. नोकरी मनासारखी मिळाली. गेंडा भुंगा नारळाची बाग पोखरतो. त्यावर औषध शोधायचं तर आधी निरोगी अळ्या लागतात. आमच्या प्रयोगशाळेत त्या वाढवतात. प्लास्टिकच्या दोनशे चाळीस डब्यांत कुजलेलं शेण आणि भुसा, प्रत्येकात एक गुबगुबीत पांढरी अळी. निम्मे डबे माझे, निम्मे जमनाचे. जमना कोळगावजवळच्या पाड्यावरून येते, सातवी शिकलेली. तिने मला पहिलाच धडा दिला, ताई, हात नको लावू, चमच्यानं उचल, हाताची ऊब सोसत नाय त्यांना. मी एम.एस्सी. आहे. हसू आलं.

१४ जानेवारी
पहिलं वजन. माझी सर्वांत मोठी अळी साडेआठ ग्रॅम, जमनाची अकरा. प्रयोगशाळेचे प्रमुख दिग्विजय सर, त्यांनी तिचा डबा सगळ्यांना फिरवून दाखवला. माझे डबे कुणी उघडलेही नाहीत.

२२ जानेवारी
माझ्या सात मेल्या. आधी खाणं सोडतात, वर येऊन पडून राहतात, मग अंगावर काळे ठिपके. भुसा बदलला, ओलावा मोजला, पुस्तकं पुन्हा वाचली. जमनाची एकही नाही. ती डबे हाताळताना कसलंसं गुणगुणते. सर म्हणाले, जमनाकडून शिकून घ्या. जेवण गेलं नाही.

३० जानेवारी
माझ्या एकूण सव्वीस मेल्या. मेलेल्या अळ्या खडूसारख्या कडक होतात, मग त्यांच्यावर हिरवी भुकटी धरते. बुरशी. जमना म्हणाली, बाहेर नेऊन जाळून टाक, आन् तुझ्या डब्यांची मांडणी काही दिवस मी बघते. तिच्या आवाजात कुत्सितपणा असता तर बरं झालं असतं. सगळ्या जाळल्या. एक बाटलीत ठेवली.

३ फेब्रुवारी
जमना दुपारी जेवायला गेली होती. तिच्या चमच्यावर बोटाने बाटलीतली थोडी हिरवी भुकटी चोळली. थोडीच.

८ फेब्रुवारी
तिच्या चाळीस मेल्या. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हात धुतेस का? ती म्हणाली, धुते. एवढंच. तिला कामावरून काढून घरी पाठवलं. उरलेले डबे माझ्याकडे आले. संध्याकाळी सातपाटीचे ताजे बोंबील आणून तळले. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१२ फेब्रुवारी
जमनाच्या उरलेल्या अळ्या खात नाहीत. मरतही नाहीत. सगळ्या वर येऊन पडल्यात, तोंडं माझ्या टेबलाकडे. डबे फिरवून ठेवले. दुपारी पाहिलं तर पुन्हा माझ्याकडेच.
उजव्या हाताच्या बोटावर पांढरा चट्टा. ज्या बोटाने चोळली, त्याच.

१४ फेब्रुवारी
चट्टा मनगटापर्यंत. कडक. सुई टोचली, कळली नाही. डॉक्टरांनी मलम दिलं. ही बुरशी माणसाला होत नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. होत नाही —

१५ फेब्रुवारी
जमना तिचा राहिलेला जेवणाचा डबा न्यायला आली. माझा हात बघून हळूच म्हणाली, ताई, चमचा हिरवा व्हता तवा मला दिसला. धुतला मी, पण उशीर झाला. सरांना काय सांगितलं नाय.
का नाही सांगितलं? मी असते तर — तेवढं मोठं मनही तिलाच कसं —

१७ फेब्रुवारी
कोपर वाकत नाही. डाव्या हाताने लिहितेय. अन्न नको वाटतं. आज बोटावर हिरवं —

१८ फेब्रुवारी
जमना आलीय. खिडकीतून दिसतेय, हातात पेजेचं भांडं. मी कामावर गेले नाही हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. तिचे हात स्वच्छ आहेत. तीही त्याच चमच्याने — तिच्या हातांवर एक डाग नाही. तिला का नाही? दार लोटलेलंच आहे. ती आत येतेय, ताई म्हणतेय, आणि मी हा हिरवा हात पुढे कर