पाहणीच्या दिवशी घरी आलेली बकरी

माय, उद्या माझ्याकडं सरकारी साहेब पाहणीला येणार आहेत. तुझ्याकडं आले होते ना टेंभुर्णीला, तशीच पाहणी. बाबा पोलिसात असताना गेले आणि माझा नवराही पोलिसात असतानाच गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरी, नवरा तरी दुसऱ्या खात्यातला करायचा होता. पण तो तूच पाहिलेला, तेव्हा तुला बोलायला तोंड नाही. पेन्शन मिळतेय. वरून पोलिसाच्या विधवेला महिन्याची थोडी मदत मिळते, पण घरात दुसरी कमाई नसेल तरच. तुझ्या वेळी होतं ते आजही बराबर तसंच आहे.

तेव्हा त्या मदतीवर माझी जालन्याची शाळा आणि वसतिगृह अवलंबून होतं. शेजारच्या मावशीनं तुला सगळी अक्कल शिकवली. "बकऱ्या माझ्या गोठ्यात बांध. पदर घे डोक्यावर, अन् तोंड जरा उतरवून बस." तू म्हणालीस, "उतरलेलंच हाय, अजून कुठवर उतरवू?" मंग साहेब आले, बाजेवर बसले. शेती? न्हाई. नोकरी? न्हाई. जनावरं? तू जमिनीकडं बघून "न्हाई" म्हणालीस. मी दाराआड उभी होते आणि मनातल्या मनात वसतिगृहात पोचलेसुद्धा होते.

तेवढ्यात काळी बकरी आली. दावं तोडलेलं, अर्धं गळ्यात लोंबतंय. तिची भाकरीची वेळ झाली होती. ती साहेबांच्या पायाजवळून निघून थेट तुझ्या पदरात तोंड घालते. साहेब विचारतात, "ही कोणाची?" मागून मावशी पळत आली. "माझीच हाय, साहेब. घर चुकलं तिचं." ती दावं ओढायला लागली. बकरीनं पाय रोवले आणि अशी ओरडायला लागली की सगळी गल्ली गोळा व्हावी. मावशीनं तिचा कान धरला, आणि तू उठलीस. "सोड तिला. गाभण हाय ती." मंग साहेबांना म्हणालीस, "माझी हाय. आणखी हायत, या मावशीच्या गोठ्यात. घ्या लिहून."

माणूस वाईट नव्हता. त्यानं पेन खाली ठेवला. "बाई, हे लिहिलं तर मदत बंद होईल." तू म्हणालीस, "बकऱ्या दिसल्या तुम्हाला. त्यायच्या मागं दिवसभर उन्हात कोण हिंडतं, ते बी लिहा की." तो म्हणाला, "त्याला जागा न्हाई कागदावर." "मंग पाठीमागं लिहा." तो हसला, पण पाठीमागं काही लिहिलं नाही. मदत बंद झाली.

मला तुझा राग आला होता, बकरीचा त्याहून जास्त. तू मात्र तिला कधी शिवी दिली नाहीस. उलट म्हणालीस, "बरं झालं, आता बिलकुल कोणाच्या गोठ्यात बांधायला नको." ती जुळी व्याली. त्यातला एक बोकड विकून तू माझी पत्र्याची पेटी घेतलीस आणि मला एसटीत बसवलंस. पुढं सगळा खर्चा बकऱ्यांनीच उचलला, म्हणजे तूच. माय, मी पुढं साहेबांच्या बायका पाहिल्या, पुढारी बाया पाहिल्या, पण तुझ्या बरोबरीनं उभी राहील अशी एकही पाहिली नाही. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर "भाकरी जळून राह्यली, तिकडं बघ" म्हणाली असतीस.

मी अंबडला भाड्याच्या खोलीत आहे. नवरा गेल्यावर पिठाची छोटी गिरणी घेतली. गल्लीतल्या बाया ज्वारी आणून देतात, त्यातून पोराच्या शिकवणीचं अर्धं भागतं, अर्धं मदतीतून. मदत गेली तर शिकवणी जाईल, आणि गिरणी दिसली तर मदत जाईल.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. आज दुपारी शेजारणीनं आणि मी गिरणी उचलून तिच्या घरात ठेवली, वर चादर टाकली. कोपऱ्यातलं पीठ मी झाडून काढलं. तुझी बकरी दावं तोडून आली, म्हणून तर तुला खरं बोलावं लागलं, असं मी मघापासून मनाला समजावून राह्यले. माझी गिरणी काही आपल्या पायानं घरी यायची नाही. आणायची तर मलाच उठावं लागेल, माय, आणि मी अजून उठलेले नाही.