अण्णांची पिकप ढकलायची नाही

४ मार्च

अण्णांनी आज चहात बिस्किट बुडवता बुडवता जाहीर केलं — मी मेलो की मला माझ्याच पिकपमधून न्यायचं! मी म्हटलं, बरं. तर म्हणे, "बरं काय? सुरू कुठे होतेय ती?"

किल्ली फिरवली की नुसतं टक्. मिस्त्री येऊन बघून गेला. स्टार्टर जळलाय. म्हणाला, "धक्का मारा की. धक्क्यावर होते सुरू." अण्णा असे भडकले! "माझ्या शेवटच्या दिवशी धक्का? लोक म्हणतील, म्हाताऱ्यालाही ढकलला आणि गाडीलाही!"

अण्णांना काहीही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय तिशीतल्या माणसाचं आहे. हे ऐकून अण्णा दोन दिवस नाराज होते.

६ मार्च

क्लिनिकमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन पार्टच्या दुकानांत फिरले. पहिला दुकानदार गाडीचं नाव ऐकूनच हसला. "ताई, ही अजून आहे?" दुसऱ्याने वर्ष विचारलं. सांगितलं. तर म्हणे, "त्या वर्षी दोन प्रकारचे लागले. पहिल्या सहामाहीतली गाडी की दुसऱ्या?" अण्णांना फोन लावला. "मला काय माहीत? मी काय तिचं बाळंतपण केलं होतं?"

११ मार्च

स्टार्टर आला. बोल्टची भोकं जुळत नाहीत. परत.

१५ मार्च

दुसरा आला. भोकं जुळली, पण चक्राला एक दात जास्त! दिवसभर दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसायचं, आणि घरी येऊन पुन्हा दातच. वैतागून डॉक्टरांना म्हटलं, "आमच्या अण्णांचं बघा ना, एक दात जास्त निघाला." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घेऊन या उद्या. भूल देऊन काढून टाकू."

समजावून सांगायचा कंटाळा आला. उद्याची वेळ लिहून घेतली आणि खोडली.

१९ मार्च

आज हद्द झाली. अण्णा दुपारी माप घ्यायला म्हणून पिकपच्या मागच्या हौद्यात आडवे झाले. उशी घेऊन. आयुष्यभर याच गाडीतून बर्फाच्या लाद्या पोचवल्या, म्हणून त्यांना तिथे गार वाटतं म्हणे. हात छातीवर ठेवले आणि गाढ झोपले. शेजारच्या वहिनी वाळलेले कपडे काढायला आल्या, त्यांनी बघितलं — आणि जी किंकाळी मारली! सगळी गल्ली गोळा. कुणीतरी दादाला फोन केला. तो ऑफिस सोडून निघालासुद्धा.

अर्ध्या वाटेत मी त्याला फोनवर गाठला. "अरे, झोपले होते!"

"म्हणजे जिवंत आहेत?"

"हो."

"मग मी परत जाऊ?"

अण्णांची एकच तक्रार — पाय दुमडावे लागतात. मागचं झाकण उघडं ठेवावं लागेल.

२३ मार्च

तिसरा बसला! भोकं, दात, सगळं जागच्या जागी. अण्णांनी किल्ली फिरवली. घर्रर्र! आणि इंजिन हूं की चूं नाही. स्टार्टर उलटा फिरतो. मिस्त्रीने पंधरा मिनिटं खाली डोकं घालून बघितलं आणि निकाल दिला, "स्टार्टरमध्ये दोष नाही. गाडी उलटी आहे."

खरं लिहू? तो उलटा फिरला तेव्हा मला हायसं वाटलं. अण्णा हल्ली वस्तू वाटत सुटलेत. घड्याळ मिस्त्रीला दिलं. लोकरीचा कोट दादासाठी बांधून ठेवलाय. जेवण निम्म्यावर आलंय. आणि सारखं तेच — "स्टार्टर मिळाला की मी मोकळा." मला त्यांना मोकळं नाही करायचं. हे त्यांना कोण सांगणार!

२९ मार्च

मिस्त्रीला सुगावा लागला. शहराबाहेर एका बाईंचं भंगाराचं आवार आहे, तिथे अशीच पिकप उभी आहे. मिस्त्रीने अण्णांचा बेत बाईंना आधीच सांगून ठेवला होता. रिक्षाने गेलो. बाई सत्तरीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की कुत्री गप्प बसली. पिकप तीच. तेच वर्ष, तीच सहामाही! फक्त चाकं नाहीत, दगडांवर उभी. बाईंनी किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू! अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"स्टार्टर द्याल?" अण्णांनी विचारलं.

"नाही. मला जायचंय हिच्यातून."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळे जातात तिथेच."

अण्णांनी खालच्या दगडांकडे बोट दाखवलं, "चाकांशिवाय?"

"तुम्ही निघालाच होतात ना, स्टार्टरशिवाय!"

घरी येऊन अण्णांनी दोनदा भात घेतला.

१ एप्रिल

अण्णा बाईंना पटवायला गेले. स्टार्टरसाठी. गुळगुळीत दाढी करून. बांधून ठेवलेला कोट सोडून घातला — या उकाड्यात!

३ एप्रिल

आजही गेले. बाई बधत नाहीत म्हणे. "फार हट्टी आहे!" इतक्या कौतुकाने कुणी कुणाला हट्टी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

६ एप्रिल

विचारलं, "अण्णा, स्टार्टरचं काय झालं?"

"कुठला स्टार्टर?"

९ एप्रिल

क्लिनिकमधून आले तर अंगणात आपली पिकप विटांवर. चारही चाकं गायब! चोर चोर म्हणून ओरडणार, तेवढ्यात अण्णांचा फोन. मागे इंजिनाची घरघर, वारा, आणि एक बाई खदखदून हसतेय.

"अण्णा! आहात कुठे? घरी कधी येताय?"

"थांब, विचारतो." मग फोनवर परत आले. "ती म्हणते, एवढी सुरू झालीय तर बंद कशाला करायची?"