खंडेनवमीला धुतलेलं फ्रेंच

पिंपरी, दसऱ्यानंतरचा सोमवार

मामा, माझं आयुष्य पालटलं ते खंडेनवमीच्या सकाळी, गरम पाण्याच्या घंगाळात मी दिलेल्या नावांच्या चिठ्ठ्या तरंगताना दिसल्या त्या क्षणी. पण आधी रीतीचं. ती. यशवंतमामांच्या पायांवर भाचा रंगनाथ इथूनच डोकं ठेवतो (समोर येऊन ठेवलं असतं तर तुम्ही कान धरला असता). मामींचा गुडघा कसा आहे? कपिलेला कालवड झाली की गोऱ्हा? मी खुशाल आहे, निदान पत्र वाचून होईपर्यंत तसंच समजा.

पुण्याच्या कॉलेजात असायचा तो पिंपरीत कसा, असं तुम्ही मामींना विचारत असाल. कॉलेज मी आषाढातच सोडलं. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांशी तत्त्वाचा वाद झाला (तत्त्व आता आठवत नाही, आवाज मात्र माझा मोठा होता). इथे माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहतोय, तिथे हंगामी चिकटलो. प्रयोगशाळेचं काचसामान फ्रान्सहून आलं, आणि त्याच्यावरचं सगळं लिखाण फ्रेंचमध्ये. आमचे मुख्य केमिस्ट नानासाहेब वैतागून म्हणाले, याचं कुणी इंग्रजी करून देईल काय? मी हात वर केला. मामा, कॉलेजात मी फ्रेंच घेतलं होतं ते संस्कृतच्या मास्तरांना टाळायला, आणि वर्गात रोज उशिरा जायचो. त्यामुळे फ्रेंचच्या मास्तरांच्या तोंडून रोज ऐकलेलं एकच वाक्य मला अस्खलित येतं. "फेर्मे ला पोर्त." दार लावून घ्या.

तरी मी नेटानं कामाला लागलो. त्याचं कारण शब्दकोश नव्हे, आमच्या प्रयोगशाळेची टंकलेखिका कालिंदी. मी इंग्रजी नाव सांगायचं, तिनं ते टाइप करायचं, मग डिंकानं मी चिकटवायचं, अशी कामाची पद्धत. जे नाव दोन शब्दांत आटपलं असतं ते मी सहा शब्दांत सांगू लागलो, म्हणजे टंकयंत्र जरा जास्त वेळ वाजेल. एका उथळ बशीला फ्रेंच लोक "घड्याळाची काच" म्हणतात असं कोशात निघालं. प्रयोगशाळेत घड्याळाची काच कशाला येईल? मी संतापून ते खोडलं आणि "अगदी थोड्या खिरीसाठी बशी" असं इंग्रजीत झोकात लिहवलं. पाण्याची पिचकारी मारणारी एक बाटली आहे, तिच्या फ्रेंच नावाशेजारी कोशात असा एक शब्द होता की कालिंदीसमोर ते पान उघडं ठेवणंही शक्य नव्हतं. तिच्यावर नुसतं "बाटली" लिहिलं.

आता कालिंदीचे वडील सोपानराव. चिंचवडगावचे जुने शेतकरी, कारखान्याच्या उपाहारगृहाला दूध घालतात. त्यांच्या कानावर मी फ्रेंचवाला म्हणून गेलो होतो. कालिंदीचा विषय काढला तर मला म्हणाले, "फ्रान्सची भाषा येतीया, मंग आमच्या कोर्टाचे कागद तर चुटकीसरशी वाचशीला. आदी कायम व्हा, मंग बोलू." आणि कायम व्हायचं तर दसऱ्यानंतर येणारा फ्रेंच साहेब माझं काम पाहून होय म्हणायला हवा. एवढ्यावर सगळा संसार टांगलेला.

अशात खंडेनवमी आली. तिकडे लेथवाल्यांनी यंत्रं पुसली, झेंडू बांधले. नानासाहेब म्हणाले, आपल्याकडे हत्यारं कुठली? माझं डोकं तापलं. काच हत्यार नाही? कापून बघा म्हणालो. नारळ फोडायला सोपानरावांना बोलावण्याचा बेत मी आधीच ठरवला होता (तुमच्यापासून काय लपवायचं). शेवटी नानासाहेब कंटाळून हो म्हणाले. मी हुकूम सोडला, पूजेआधी सगळं सोड्याच्या गरम पाण्यातून काढा. काढलं. डिंक विरघळला. माझं सबंध भाषांतर घंगाळात पोहू लागलं.

मी भानावर येईपर्यंत काचसामान धुणाऱ्या गोजाबाईंनी चिठ्ठ्या उन्हात वाळवून जिथे जागा दिसली तिथे लावूनही टाकल्या होत्या, वर हळदकुंकू. "एक बी वाया जाऊ दिली न्हाई, सायेब!" मी डोकं धरून बसलो, तर कालिंदी म्हणाली, "रडताय कशाला? आधी तरी कुठे जागेवर होत्या?"

तिसऱ्या दिवशी साहेब आला. झेंडूची माळ घातलेलं नरसाळं त्यानं उचललं. त्यावर चिठ्ठी "वाळवणाची भट्टी". माझ्याकडे पाहून त्यानं फ्रेंचमध्ये लांबलचक प्रश्न विचारला. सोपानराव खिडकीतून बघत होते, नानासाहेब शेजारी. मी छाती काढून म्हणालो, "फेर्मे ला पोर्त!"

साहेब चमकला. मग गंभीर चेहऱ्यानं नानासाहेबांना बाहेर घालवून त्यानं खरंच दार लावून घेतलं. आत मी, तो आणि टंकयंत्रामागे कालिंदी. आणि मामा, तो माणूस असा हसला की डोळे पुसायला त्यानं माझा रुमाल मागितला. त्याचं इंग्रजी मोडकं, पण सामानाची इंग्रजी नावं तोंडपाठ. संध्याकाळपर्यंत त्यानं एकेक वस्तू हातात धरली, मी लिहिलं, तिनं टाइप केलं. खिरीच्या बशीला इंग्रजीतही घड्याळाची काचच म्हणतात! गोजाबाईंनी लावलेल्या चिठ्ठ्यांपैकी दोन बरोबर निघाल्या, मी लावलेल्यांपैकी एकही नाही. जाताना त्यानं नानासाहेबांना एवढंच सांगितलं, पोरगा शिकेल, ठेवून घ्या.

मी कायम झालो. मामींना साष्टांग.

तुमचा,
रंगनाथ

ता.क. सोपानराव म्हणतात, तुमच्याकडून कुणी वडीलधारं येऊ द्या. येत्या रविवारी मामींना घेऊन याच.

ता.क. दुसरा. येताना वाटेत आमच्या घरी उतरून बाबांना सांगा की मी कॉलेज सोडलंय. ते अजून मला पुण्यातच समजतात. तुमच्यावर ते हात उगारणार नाहीत.

ता.क. तिसरा. हे पत्र कालिंदीनं आत्ता वाचलं (मी दिलं नव्हतं, तिनं ओढून घेतलं). म्हणते, "मामांना कशाला पुढे करता? बाबांना स्वतः लिहा. आणि माझ्या बाबांना आजच सांगा की तुम्हाला फ्रेंचचं एकच वाक्य येतं. मग बघू कोण कुणाला बोलावतं ते." मी संतापून म्हणालो, सांगतो, आत्ताच सांगतो, घाबरतो की काय! सोपानराव फाटकाशी दुधाच्या किटल्या उतरवताहेत. म्हणून दुसरा ताजाकलम खोडला असं समजा. रविवारचं मात्र, देवाची शपथ, खोडू नका.

कालिंदी टंकयंत्रामागून म्हणतेय, "जाताना फेर्मे ला पोर्त!" उठलो मामा. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.