आधार मंडळाचे अध्यक्ष बाहेर गेलेत

रविवार, २ फेब्रुवारी
काल मुंबईहून परत. बायकोला, मयुराला, अर्ली ऑनसेट डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. वय एक्कावन्न. डॉक्टर म्हणाले, हा आजार फक्त म्हाताऱ्यांना होतो असं नाही. दोन वर्षं आम्ही थकवा समजत होतो. म्हणजे मी समजत होतो. ती सांगत होती की काहीतरी चुकतंय.
असो. रडत बसायचं नाही. सिस्टिम लावायची. चिकूची वाडी मी सिस्टिमवरच चालवतो. (रतन म्हणतो, वाडी तो चालवतो. धाकटे भाऊ असंच बोलतात.)
संकल्प: रोज संध्याकाळी मयुराला समुद्रावर फिरवून आणणे. उद्यापासून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
फेरी नाही. वारा फार.
डॉक्टरांनी दिलेल्या हेल्पलाइनवर फोन केला. बाई फार शांत बोलतात. म्हणाल्या, डहाणूच्या बाजूला आमचा गट अजून नाही, पण मी दर आठवड्याला फोन करत जाईन. मग विचारलं, तुम्ही कसे आहात? मी म्हटलं, मी एकदम फिट, पेशंट मिसेस आहेत. त्या गप्प झाल्या. नेटवर्क असेल.
फोन ठेवताक्षणी आयडिया आली. गट नाही ना? मग काढायचा! 'डहाणू-तलासरी स्मृती आधार मंडळ.' सदस्य पुढे येतीलच. अध्यक्षपद तूर्त माझ्याकडे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सकाळी मयुराने विचारलं, नवरी आली का? पार्लर दिवाळीपासून बंद आहे. डहाणू रोडच्या अर्ध्या नवऱ्या तिच्या हातून नटून मांडवात गेल्या. मी खरं ते सांगितलं, पार्लर बंद झालं. ती रडायला लागली. मी समजावणार होतो, पण हॉलवाल्याला वेळ दिलेली. शेजारच्या नर्मदाकाकींना बसवून निघालो.
हॉल ठरला. तेवीस तारखेचा रविवार. मोठं काम झालं.
फेरी नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
तलासरी. तिथल्या ओळखीच्या लोकांना भेटलो. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. एकाने विचारलं, तुमच्या घरात कोणाला आहे का हे? मी म्हटलं, छे छे, निव्वळ समाजसेवा.
तोंडातून गेलंच. पण विचार केला तर बरोबरच आहे. अध्यक्षाच्याच घरात आजार म्हटल्यावर लोक म्हणणार, स्वतःसाठी काढलंय. मंडळाची प्रतिमा महत्त्वाची.
मयुराला आवडतात म्हणून येताना खमण घेतले. तिने पहिला तुकडा मला भरवला. मला गिळवेना. मिरची जास्त होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
हेल्पलाइनच्या बाईंचा फोन दोनदा आला. दोनदा कट केला. फ्लेक्सच्या दुकानात होतो.
आज काकी लग्नाला गेलेल्या. फ्लेक्सचं फायनल तर आजच करायचं होतं. मयुरा शांत बसली होती, म्हणून दाराला बाहेरून कडी लावून गेलो. जाऊन यायचं, एवढंच.
फोटोचा साइज ठरवण्यात वेळ गेला. (माझा फोटो. लोकांना चेहरा लागतो.)
आलो तर ती खिडकीत उभी, दोन्ही हातांनी गज धरून. म्हणाली, अहो, बाहेरून कडी कशी काय लागली? मी म्हटलं, वाऱ्याने.
तिला पटलं. नसतं पटलं तर बरं झालं असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी
संकल्प: कडी कधीही नाही. कधीही म्हणजे कधीही.
फेरीला निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो आणि हॉलवाल्याचा फोन आला. ती चप्पल घालून उभी राहिली. मग काकींनी आत नेलं.
भाषण पाठ झालं.

रविवार, २३ फेब्रुवारी
उद्घाटन.
हॉलभर खुर्च्या. फ्लेक्स उत्तम. गर्दी बेताची. चहाला येणारे आले. खरं कुटुंब एकच, तलासरीच्या आतल्या पाड्यावरचं. पुष्पा आणि तिचा नवरा नविन. तो टेम्पो चालवायचा. एक दिवस हायवेवर टेम्पो उभा करून उतरला, आणि कुठे जायचं तेच आठवेना. वय माझ्यापेक्षा कमी. पुष्पा मजुरीला जाते. ती गेली की नविनकडे बघायला कोणी नाही. म्हणून ती आली होती, बाकी कशासाठी नाही.
माझं भाषण: 'आजार लपवू नका.' टाळ्या पडल्या.
एवढ्यात दारात नर्मदाकाकी, आणि सोबत मयुरा! चांगली साडी, केसांत गजरा. मी बोलावलं नव्हतं. काकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिच्यासाठी मंडळ काढलंस ना, मग हिलाच घरी ठेवतोस होय रे? मी घाईघाईने माइकवर म्हटलं, आपल्या कार्यकर्त्या मयुराताई आल्या आहेत, त्यांचं स्वागत.
मयुरा जाऊन नविनच्या शेजारी बसली. त्याची दुमडलेली कॉलर तिने सरळ केली. मग बोटांनी त्याचे केस विंचरायला लागली. तो डोळे मिटून बसला. हॉलमध्ये कोणी हसलं नाही.
पुष्पाने तिला विचारलं, ताई, तुझ्या घरचं कोण आलंय?
मयुरा म्हणाली, मिस्टर येणार होते. पण त्यांना वेळ नसतो हो. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, हे साहेब मात्र चांगलं बोलले.
पुष्पाने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं.
मी चहाचं बघायला गेलो. चहा झालेलाच होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी
पुष्पाचा फोन. कालचं काही काढलं नाही. म्हणाली, गुरुवारी मी कामाला जात नाही, मयुराताईला घेऊन ये, दोघं सोबत बसतील. तूपण बस. भाषण नको करू, दादा. ती सरळ 'तू' म्हणते, तिकडे सगळ्यांनाच म्हणतात.
दुपारी हेल्पलाइनच्या बाईंचा फोन. उचलला. तुम्ही कसे आहात, तोच प्रश्न. मी म्हटलं, मी बायकोला कोंडून गेलो होतो. मग बोलतच सुटलो. तलासरीला काय सांगितलं तेही, वाऱ्याचंही, सगळं.
मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, एकट्याने करणाऱ्यांच्या हातून होतं असं. पुढच्या वेळी निघण्याआधी मला फोन करा, आपण मिळून काहीतरी काढू. आणि मंडळ राहू द्या थोडे दिवस.
रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
सगळ्या मीटिंगा रद्द. (एकच होती. मीच ठेवलेली.) दिवसभर घरी.
मयुराने सकाळपासून विचारलं, अहो, आज जायचं नाही? नाही म्हटलं की तिचा चेहरा काळजीचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अकरा वाजेपर्यंत माझ्याकडे बोलायचं काही उरलं नाही. इतक्या वर्षांत ती दिवसभर काय करते, हे मला माहीतच नाही. काकींना विचारायला गेलो. म्हणाल्या, वाल भिजवलेत, सोलायला घे, हात चालू राहिला की ती बरी असते.
ओट्यावर दोघं वाल सोलत बसलो. माझ्या हातून डाळिंब्या मोडत होत्या. ती मोडलेल्या वेगळ्या काढत होती.
ऊन कलल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाली, तुम्ही केव्हाचे इथे बसलात. घरी कोणी वाट बघत असेल ना?
मी म्हटलं, हो. बायको बघते.
म्हणाली, मग जा की. तिला एकटं ठेवू नये.