एका ओढ्याची दोन नावे

स्वालबार्ड, ५ जुलै १९६४

ती. बाबांस सिग्नेचा सा. न. वि. वि.

तंबू कोरडा आहे. तुम्ही विणलेले मोजे इथे सगळ्यांना हवेत. देत नाही.

तुमच्या जुन्या झोपडीमागच्या ओढ्यात, दोन वालुकाश्मांच्या मध्ये, चाळीस मीटर काळा चिखलदगड आहे. आजवर सगळे त्याला खालच्याच थरात धरत आले. माझ्या मते तो स्वतंत्र आहे. त्यातले शिंपलेच निराळे. पण थराला जवळच्या जागेचं नाव लागतं, तेही माणसांच्या तोंडी असलेलं. नकाशावर ओढा बिननावाचा. थरांची नावं ठरवणाऱ्या समितीच्या सप्टेंबरच्या बैठकीआधी नाव मिळालं नाही, तर थर पुन्हा खालच्यात जाईल आणि माझे तीन उन्हाळेही.

तुम्ही भाऊ तीस वर्षं बोलत नाही, ठाऊक आहे. पण कोल्ह्यांच्या शिकारीला त्या हिवाळ्यात तिथे तुम्ही दोघंच होतात. ओढ्याला काय म्हणायचात? हिल्मारकाकांनाही विचारते आहे. रागावलात तरी माया कमी करू नका.

सिग्ने

वार्डो, १९ जुलै

चि. सिग्नेस अ. आ.

लापशीचा ओढा. हिल्मारने लापशी करपवली, भांडं मी का घासू? दिलं ओढ्यात फेकून. हिल्मार दुसरंच काही सांगेल. तो उत्तर म्हटलं की दक्षिण दाखवतो.

मोजे देऊ नकोस. जपून राहा.

तुझा बाबा, पेडर

हॅमरफेस्ट, २१ जुलै

चि. सिग्नेस अ. आ.

मुका ओढा. नोव्हेंबरात तुझ्या बापाने बोलणं टाकलं, त्याच आठवड्यात ओढाही गोठला. लापशी माझ्या हातून करपली हे खरं, पण ढवळायची पाळी त्याची होती.

त्याचे गुडघे कसे आहेत? मी विचारलं असं कळवू नकोस.

तुझा काका, हिल्मार

स्वालबार्ड, ४ ऑगस्ट

ती. बाबा आणि काका यांस सा. न.

पत्र एकच, प्रती दोन. एकट्याने मनात म्हटलेलं नाव समितीला चालत नाही. दोघांच्या तोंडी असलेलं एक नाव हवं, एका कागदावर, दोन सह्यांनिशी. खोटं मात्र लिहू नका.

काका, बाबांचे गुडघे वाईट आहेत. बाबा, हे काकांनी विचारलं होतं.

दोघांची,
सिग्ने

वार्डो, १४ ऑगस्ट

चि. सिग्नेस अ. आ.

मुका लिही. तुझे उन्हाळे वाया जायला नकोत.

बाबा

हॅमरफेस्ट, १४ ऑगस्ट

चि. सिग्नेस अ. आ.

लापशीचा लिही. पेडर थोरला आहे.

काका

तार, २२ ऑगस्ट

पुन्हा दोन नावं. एका टेबलाशी बसा. सिग्ने

वार्डो, २८ ऑगस्ट

चि. सिग्नेस दोघांचे आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, कारण पेडरचा चष्मा सापडत नाही. मंगळवारच्या बोटीने आलो. धक्क्यावर हा काठी टेकत उभा. म्हणाला, जाडा झालास.

कागद सोबत आहे. नाव लापशीचा ओढा. खोटं नाही. वसंतात आम्हाला न्यायला ओढ्याच्या मुखाशी जहाज आलं, तेव्हा ते आधी मला दिसलं. मी ओरडलो होतो, पेडर, लापशीच्या ओढ्याकडे बघ. त्या नोव्हेंबरनंतर एवढंच बोललो होतो. मी विसरलो होतो. हा तीस वर्षं ते वाक्य धरून बसला, आणि वाट पाहत होता की पुढचं मी बोलेन.

सह्या दोन्ही आहेत. उद्याच्या बोटीने कागद निघेल. त्याच बोटीचं माझंही तिकीट होतं. ते पेडरने ठेवून घेतलंय, कुठे ते सांगत नाही.

तुझे,
हिल्मार, पेडर