वहाबचा शुक्रवार

बजाजनगर,
मंगळवार (वार द्वारकाला विचारून लिहिला आहे)

प्रिय वहाब,

तुला आणि गुलशनभाभीला पुंजारामचा अन् तुझ्या द्वारकावहिनीचा सलाम. पत्र बघून हसशील. बिडकीन काही विलायतेत नाही, फोन खिशात आहे, मग कागद कशाला काळा केला म्हणशील. पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मधेच कंपनीतला एखादा किस्सा काढतोस, मी हसत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं. वरच्या खोलीतला भाडेकरू तुमच्याच बाजूच्या नव्या कंपनीत जातो, त्याच्या हाती हे देतोय. माणूस चांगला आहे, पण शेजारच्या मशीनवर कोण असतं ते त्याला ठाऊक नाही. ठेका संपला की माणसं बदलतात काका, नावं शिकून काय करायचं, म्हणतो. आपण एकमेकांच्या डब्यातली भाजी वासावरून ओळखायचो.

आठवतं का, रिटायर होण्याआधी कंपनीनं आपल्याला कॅन्टीनमध्ये बसवून म्हातारपणाचा वर्ग घेतला होता? ते टायवाले साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते, पैसा कुठं ठेवा, साखर किती खा, छंद लावून घ्या. तू माझ्या कानाशी म्हणालास, अबे, ह्याचे केस तर अजून काळे आहेत, ह्याला काय ठाऊक. तू हसण्यावारी नेलंस, मी मात्र सगळं मनावर घेतलं. सातवीतून शाळा सुटलेला माणूस मी, ड्रॉइंग वाचायला मशीनवर शिकलो आणि लिहायला वर्तमानपत्रावरून. शिकवणारा भेटला की मला सोडवत नाही. पावसाआधी घर शाकारावं तसं म्हातारपण शाकारून घेतलं. वरची खोली भाड्यानं दिली. गुडघे ठणठणीत होते तेव्हाच न्हाणीत धरायला दांडी बसवली. पोरगा पुण्यात राहील, सून नोकरी करील, आपल्या उशाशी बसायला कोणी मोकळं नसेल, हे धरूनच चाललो, आणि त्याचा राग मानायचा नाही हे द्वारकाला अन् स्वतःलाही पढवलं. मोबाइलवरून बिल भरायला शिकलो. छंद म्हणून गच्चीवर मेथी लावली. तू म्हणायचास, पुंजा, तू तर म्हातारपणाचीसुद्धा पाळी लावून ठेवलीस.

मेथीचं सांगायचं तर ती नीट आली नाही. उगवलेल्या वाफ्यातच मी पुन्हा बी पेरलं, अन् खुरप्यानं सगळी उलथून टाकली. द्वारकानं उलथलेली रोपं पदरात गोळा केली. ती हल्ली दाराला वरची कडी लावते, चोऱ्या वाढल्यात म्हणते. गल्लीत चोरी झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. दूधवाला माझ्याशी बोलताना तिच्याकडं बघतो. माझे कंपनीचे निळे शर्ट बोहारणीला देऊन तिनं एक पातेलं घेतलं. त्यातला एक शर्ट गादीखाली निघाला. तूच लपवलास, म्हणाली. मला काही आठवत नाही. तिच्या मनगटावर काळानिळा डाग आहे. दारात हात सापडला, एवढंच सांगते आणि पदर ओढून घेते.

मागच्या महिन्यात मी तुझ्या दारी आलो होतो ना, त्याबद्दल लिहायचं आहे. सकाळची वेळ, अंगात तोच निळा शर्ट, हातात डबा. तू ओट्यावर दात घासत होतास. म्हणालास, क्या रे पुंजा, कंपनी अजून सोडंना का तुला? मी म्हणालो, भाभीच्या हातचा चहा प्यायला आलो. भाभीनं डबा उघडला तर आत काहीच नाही. तू लई हसलास, भरून न्यायला आलास व्हय, म्हणालास. भाभीनं खिचडी घालून दिली. मीही हसलो. वहाब, मी तुला भेटायला आलो नव्हतो.

मी पहिल्या पाळीला निघालो होतो. कोपऱ्यावर बस थांबली आणि मी चढलो. ड्रायव्हरनं पांढरे केस बघून मान लववली, कार्ड विचारलं नाही. मानानं बरं का. बस आपल्या वळणाला वळली नाही तेव्हा वाटलं, रस्ता खोदला असेल. पुढं ओळखीचं काही येईना. लांबच लांब भिंती, कोरे रुंद रस्ते अन् त्यावर चिटपाखरू नाही. कुठल्याशा नव्या कंपनीच्या गेटवर सगळे उतरून गेले. वॉचमननं विचारलं, काका, तुम्ही कोणाकडं? मला पोराचं नाव येईना, घरचा पत्ता येईना. तोंडातून निघालं, बिडकीनचा वहाब. त्यानं रिक्षात बसवलं, रिक्षावाल्यानं चौकात विचारत विचारत तुझ्या दारी सोडलं. तुला ओट्यावर बघितलं तेव्हा कुठं कळलं की आपण दोघं कधीचेच रिटायर झालोत. चहा पिताना सांगणार होतो, पण तुझं हसू मोडवेना. अन् भ्या वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या बसमध्ये मी लई खूश होतो रे.

डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. गोल आला. काटे कुठं लावायचे ते या हाताला, ज्यानं उभी हयात केसाएवढा फरक धरला, उमगेना. हे मागं फिरणारं नाही, सावकाश वाढत जाईल, म्हणाले. टायवाल्या साहेबांनी हे चित्र दाखवलं नव्हतं.

आता कागद का लिहिला ते सांगतो. कडी मी कधीतरी काढीनच, अन् कोणी ड्रायव्हर मानानं बस थांबवील. मी तुझ्या दारी येईन. तेव्हा, पुंजा तू रिटायर झालास, असं मला सांगू नकोस. द्वारकानं ते सांगितलं तेव्हा मी तिचा हात पिरगाळला. दारात हात सापडलाच नव्हता. हे मला वरच्या भाडेकरूनं सांगितलं. तू एवढंच म्हण, आज शुक्रवार आहे. आपल्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी. पाळ्या बदलून बदलून मला वार उमगायचा नाही, पण आपण एकाच जिन्यावर राहायचो तेव्हा तू न्हाऊन, पांढरा कुर्ता घालून जुम्म्याला निघालास की जिन्यात अत्तराचा वास यायचा अन् मी पुन्हा पांघरूण ओढायचो. तू खोटं बोलत नाहीस, नमाजाच्या बाबतीत तर नाहीच, ठाऊक आहे. म्हणूनच तुझं ऐकेन. तेवढं एक खोटं माझ्यासाठी पदरात घे. मी परत विचारलं तर परत सांग. दार उघडण्याआधी तेच अत्तर लाव, डोक्यानं ऐकलं नाही तरी नाक ऐकेल. मग द्वारकाला फोन कर. आणि एक दिवस मी तुलाच विचारीन, भाऊ, इथं वहाब कुठं राहतो? तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तो नमाजाला गेलाय, येईलच आता, बसा, असं म्हण आणि मला चहा दे.

तुझाच,
पुंजाराम